मानगे थापणी

पौषातली अवस. दुर्भाटच्या बांदावर
सोयरू गावडे चिखलाची मगर थापतो आहे.
आधी शेपटी, मग पाठ,
पाठीवर खुब्यांच्या शिंपल्या एकेक दाबून,
दात माडाच्या हिरांचे.

मी शाळेत विज्ञान शिकवतो,
म्हणून त्याची नात शर्मदा मलाच विचारते,
"सर, आभाळातून तो दगड पडला
तेव्हा एवढे थोरले मेले,
मग मानगे कसे उरले?"

मी सांगतो. थंड रक्त, भूक थोडी,
एका जेवणावर महिने निघतात.
वर काजळी धरली, झाडांची चूल विझली,
पाल्यावर जगणारे गेले,
त्यांच्यावर जगणारेही गेले.
पण नदीच्या तळाला कुजका पाला होता,
कुजक्यात किडे, किड्यांवर मासे.
चिखलाचं कोठार उशिरा रिकामं होतं.

"तोंड मिटून बसता येतं त्याला,"
सोयरू मान वर न करता म्हणतो.
हेही खरं. उद्या फळ्यावर लिहीन.

सांगत नाही ते वेगळंच.
शेजारच्याच डोहात, तेवढ्याच थोड्या भुकेच्या
किती मगरी मेल्या असतील.
आणि माणक्यांचे ते भाऊबंद,
मेंढ्याच्या शिंगासारखे वळलेले, समुद्रभर पसरलेले,
त्यांतला एकही नाही.
"त्यांचं काय चुकलं?" शर्मदा विचारील कधीतरी.
पिल्लं फार बारीक होती,
वरच्या पाण्यात तरंगत होती,
एवढंच बहुधा म्हणता येईल मला.
चूक नव्हे ती. पत्ता.

आता जबडा उघडा ठेवून
सोयरू हात पुढे करतो.
पूर्वी जिवंत पिल्लू ठेवत, हल्ली अंडं.
गावठी, तपकिरी, एका बाजूला शेण लागलेलं.
शर्मदा ते दोन्ही हातांनी देते
आणि मी बोलता बोलता थांबतो.

मातीत पडलेले दाणे टिपत
ज्या चोचींनी तो काळोख काढला
त्यांचाच हा वंश.
केवढं गोत होतं यांचं!
त्यातली ही उरलेली दोन घरं, लांबची चुलत,
आज खाजनाच्या कडेला भेटतायत,
एकाच्या तोंडात दुसरं.

"शेत राख. बांद राख.
पोरं पाण्यात उतरली तर ओळख ठेव,"
सोयरू हात जोडून म्हणतो.

"आजोबा, अंडं उकडलेलं की कच्चं?"

"कच्चं गो. उकडलेलं त्याला रुचत नाही."

खाली मानशीच्या दारातून
भरतीचं पाणी आत शिरू लागलेलं,
आणि शेपटीकडचा चिखल
अजून ओलाच.