वाढलेले कप

रास अल खैमा. ऑगस्टची रात्रपाळी.
समुद्राकडची दमट हवा शेडमध्ये शिरते
आणि भट्टी न पाहिलेले कप पुन्हा चिखल व्हायला बघतात.

यंत्राला चार बोटं. सिलिकॉनची, पोकळ.
हवा भरली की मिटतात, सोडली की उघडतात.
वस्तू बघून पकड बदलते, असं माहितीपत्रकात.
आज साडेअकरापासून मात्र
कपाचा कान बोटांत राहतोय
आणि कप बहिरा होऊन पट्ट्यावरून पुढे.

जपावं तर तळहातावरच्या फोडासारखं, म्हणतात.
याला तळहातच नाही.

तुलबहादूर सतरा वर्षं हे कप हातानं उचलायचा.
आता त्याच्याकडे झाडू.
तुकडे बादलीत टाकतो; पाण्यात विरले की उद्या परत कप.
मला म्हणतो, मॅडम, तुमचा पोरगा घाबरतोय.
म्हणून आवळतो.

दाब उतरवते. कप निसटतो.
चढवते. कान जातो.
दीड वाजतो. चहावर साय धरते.

बार्शीला आमचं बांगड्यांचं दुकान.
अण्णा बाईचा हात आधी नुसता धरून बसायचे.
माहेर कुठलं, पाऊसपाणी काय, धाकटीचं जमलं का,
हात सैल सोड गं,
आणि तिला कळायच्या आत
अंगठ्याचं हाड आत दुमडलेलं, काच मनगटावर.
एखादी गेलीच तर फुटली म्हणायचं नाही.
वाढली म्हणायचं.

नुसता धरून बसायचे.

दाबाला हात न लावता मी एक ओळ घालते:
टेक. पाव सेकंद थांब. मग मिट.
चार बोटं कपाला टेकतात,
काही विचारल्यासारखी थांबतात,
आणि कप उठतो, कानासकट.
दुसरा. नववा. एकशे चाळिसावा.
काचेपलीकडे भट्टीचं दार लाल होत जातं.

पहाटे नोंदवहीत आकडा भरते: दोनशे बारा.
रकान्याचं नाव इंग्रजीत छापलंय.
मी मनात वाचते, वाढले.

तुलबहादूरनं झाडू भिंतीला टेकवलाय.
झाडायला काही नाही.
पट्ट्याकडे बघत उभा आहे,
आणि हात कुठे ठेवावेत
ते त्याला सुचत नाहीये.