पांढऱ्याच्या घड्या

शाजीच्या दुकानात एसी खोक्यांसाठी चालतो,
माणसं दारापाशी उभी राहतात, घामासकट.
रुवीत रात्रीचे सव्वानऊ. बाहेर एकेचाळीस.
काळे डोंगर दिवसभराचं ऊन
आता हप्त्याहप्त्यानं परत करताहेत.

माझ्या हातात घरी पैसे पाठवल्याची पावती,
तिच्या पाठीवर यादी, बॉलपेननं:
प्रोसेसर. बोर्ड. रॅम चौसष्ट.
चौसष्टचं बत्तीस केलंय दोनदा
आणि दोनदा बत्तीसचं चौसष्ट.
पुढच्या बाजूला हर्णैच्या घराचा स्लॅब आहे,
त्याची शाई यादीतून दिसते.

"गेमिंग?" शाजी विचारतो.
नाही, फोटो.
"फोटोला एवढं?"

एका लग्नाचे बावीसशे फोटो, शाजी.
स्टुडिओतला जुना संगणक प्रत्येकापाशी बसकण मारतो,
स्लायडर मी आत्ता ओढावा
आणि रंगानं यावं मागाहून, चप्पल शोधत.

लोकांना वाटतं, पांढरा सोपा रंग.
त्यांनी भर दुपारी एका अंगणात
दोनशे दिशदाशे उभे पाहिलेले नसतात.
कडक इस्त्रीचा पांढरा,
गळ्याशी लोंबत्या गोंड्याचा पांढरा,
बाहीच्या आतला, सावलीत निळसर झालेला,
आणि नवऱ्यामुलाच्या आजोबांच्या खांद्यावरचा,
धुऊन धुऊन दुधाच्या सायीवर गेलेला.
स्वस्त पडद्यावर हे सगळे मिळून चुना.
आणि चुना शेवटी कोणाला लागतो
ते आपल्याला ठाऊक आहे.

काचेच्या कपाटात ग्राफिक्स कार्ड:
तीन पंखे, आतून जांभळा उजेड,
वरातीच्या घोड्यासारखं नटलेलं. एकशे अठ्ठावीस रियाल.
शेजारी मॉनिटर, बंद. एकशे छत्तीस.
त्यात सध्या फक्त मी दिसतोय.
दोन्ही जमत नाहीत.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
माझं अंथरूण बंकचं, वरचं,
पाय आधीपासूनच बाहेर.

गेल्या हिवाळ्यात पेट्रोल पंपावरचा एक जण आला होता,
बिर्मा चौधरी, धनगढीचा. पासपोर्टचा फोटो.
स्टुडिओच्या सवयीनं मी त्याला
दोन घरं उजळ करून टाकला,
करतोच आम्ही सगळ्यांना.
त्यानं प्रिंट ट्यूबलाइटखाली धरली,
कौतुकानं पाहिली,
आणि अगदी सभ्यपणे विचारलं,
"छान आहे. कोणाचा आहे?"

मी ग्राफिक्स कार्डावर रेघ मारली.
चौसष्ट राहू दिलं.
शाजीनं कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला,
वरचे सातशे बैसा सोडले,
आणि म्हणाला, "पॉवर सप्लायमध्ये मात्र काटकसर नको, पारकर.
कोणी बघत नाही,
आणि जळतो तोच आधी."

शुक्रवारी, जुम्म्याची नमाज उरकून,
खोलीच्या फरशीवर सगळं मांडलं.
ढकालनं टॉर्च धरला. तो क्रेन चालवतो,
त्याचा हात माझ्यापेक्षा थंड.
प्रोसेसरवर वाटाण्याएवढी पेस्ट,
मग श्वास धरून वरचा कूलर.
बटण दाबलं. पंखे फिरले.
पडदा काळा.
मोबाइलवर चार सल्ले शोधले, चारही वेगळे.
शेवटी ढकाल म्हणाला, ती पट्टी एका बाजूनं वर आहे बघ.
रॅम. अंगठ्यानं दाबली.
टक्.

पहिली फाइल मी बिर्माचीच उघडली, मूळची.
सगळे स्लायडर शून्यावर, हात मांडीवर.
कपाळावर टोपीची रेघ,
रेघेच्या वर एक तपकिरी, खाली दुसरा,
कानाच्या पाळीतून उजेड येऊन तांबडा झालेला,
आणि डोळ्यांखाली रात्रपाळीचा रंग,
ज्याला मी दोन वर्षं डाग समजून पुसत होतो.

ढकाल चहाचा कप घेऊन मागून वाकला.
"अरे," म्हणाला, "हा तर आपला पंपावरचा."

एक स्क्रू उरलाय.
कुठला, ते कळत नाही.
मशीन चालतंय.