एकवीस दिवस

कावनईच्या माळावर आता नुसतं कुसळ.
गुरं सकाळी चढतात, दिवेलागणीला उतरतात.
पोटं तट्ट,
आणि बरगड्या अंगणाच्या टोकावरून मोजून घ्या.
मामंजी म्हणतात, "डांगी जनावर हाये. दगडावर जगतं."

जगतं.
मागल्या वैशाखात मणेरी बसली,
चौघांनी शिंगाला-शेपटाला धरून उठवली, दोनदा.
तिसऱ्या दिवशी उठवायला कुणी गेलं नाही.

म्हणून यंदा घोटीच्या दवाखान्यात बसून
मापं पाठ केली:
शंभर किलो भाताचा पेंढा,
पन्नास लिटर पाणी,
चार किलो युरिया.
चार म्हणजे चार.
कालवणात मीठ हातानं पडतं, हे तसं नाही.

सोमानं झारी धरली, मी थर तुडवत गेले,
वर ओझरच्या द्राक्षबागेतला टाकाऊ कागद,
कडेनं दगड.
उरलेली गोणी खाटेखाली, नाडीनं बांधून,
कारण ती मीठ समजून चाटली
तर वासरू दिवस मावळताना दिसत नाही.
मामंजी गावभर सांगत फिरले,
"आमची सून युरिया उशाला घेऊन निजते."

एकविसाव्या दिवशी कागद उचलला
तर असा भपका, की डोळ्यांतून धारा.
हौशी बांधावरून धावत आली, "कोण गेलं गं?"
कुणी नाही, बाई.
पेंढा शिजलाय.

तासभर वारा लागू दिला.
तरी पारा बैल फुर्र करून मागे सरला,
गाभण बहाळी नुसती बघत राहिली,
जसं नवरीच्या हातचं पहिलं जेवण बघतात.
दुसऱ्या दिवशी वर काळी मळी शिंपडली.
बहाळीनं जीभ लांब केली,
एकदा,
मग थांबलीच नाही.
सहा महिन्यांखालची वासरं मी वेगळी बांधली,
ती रात्रभर हंबरली, हंबरू दे.

आता वैशाख अर्धा सरलाय. डोंगर तसाच.
काल पहाटे गोठ्यात कुणी बोलतंय असं वाटलं.
मामंजी होते, अंधारात,
बहाळीच्या कुशीवर बोटं टेकवून:
एक, दोन, तीन,
थांबले,
पुन्हा पहिल्यापासून.

मी हाक मारली नाही.
आत जाऊन गोणीची गाठ तेवढी चाचपली.