जकात नाका, इयत्ता पहिली ते सातवी

आधी मी ट्रकांचे नंबर लिहायचो,
आता मुलांची नावं लिहितो.
टेबल तेच. खिडकीही तीच,
ड्रायव्हर हात आत घालून पावती न्यायचे ती,
अर्धगोल, कडेला घासून चकचकीत झालेली.

जकात बंद झाली तेव्हा नाका वर्षभर ओस होता.
आडसराचा बांबू कुणीतरी सरपणाला नेला.
भिंतीवर दरपत्रक तेवढं राहिलं :
गूळ, सुपारी, लोखंडी पत्रा, द्राक्षपेटी नगास.
मग एका दुपारी गांगुर्डे बाई आल्या, स्कूटीवरून,
पिशवीत अकरा कलमांचा करारनामा.
जागा महापालिकेची, शिकवणं संस्थेचं,
पगार अर्धा इकडून, अर्धा तिकडून,
आणि दोन्हीकडून उशिरा.
फी नाही. निवडून घेणं नाही.
दर पाच वर्षांनी हिशेब.
कलम सात मी तीनदा वाचलं :
निकाल असमाधानकारक आढळल्यास
जागा आहे त्या स्थितीत परत करावी.
आहे त्या स्थितीत म्हणजे कशी,
दरपत्रकासकट, की पाढ्यांसकट?
बाई म्हणाल्या, आधी सतरंज्या आणू.

पहिल्या वर्षी एकोणीस मुलं.
अंबडच्या कारखान्यांतल्या हेल्परांची,
सुरगाण्याहून स्लॅबच्या कामाला आलेल्या गावितांची दोन,
आणि एक राजभर, त्याचा बाप ट्रकवाला.
त्याला मी याच खिडकीशी एकदा रात्रभर बसवला होता,
थंडीत, माल आणि कागद जुळत नव्हते म्हणून.
मी ओळखलं. त्यानं ओळखलं नाही,
किंवा ओळखून सही केली,
आणि पेन परत देताना टोपण लावून दिलं.

दुसऱ्या शनिवारी समिती बसते.
तेरा जण, त्यातले नऊ पालक,
अध्यक्ष सायराबी तांबोळी, मसाला कांडपवाल्या.
इतिवृत्ताच्या पानापानावर त्यांचा हळदीचा अंगठा.
ठराव चार : मुलींच्या संडासाला कडी.
ठराव पाच : मुलींच्या संडासाला कडी, पुन्हा.
ठराव नऊनंतर सायराबींनी स्वतःच आणली कडी,
आणि दहावा ठराव आभाराचा मांडला,
कुणाचे आभार, ते मोकळं सोडून.

एप्रिलात सोडत निघते.
जागा साठ, यंदा अर्ज दोनशे चौदा.
तेलाच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या, समोर सगळे पालक,
डबा हलवायचं काम माझं.
त्यात एक चिठ्ठी माझ्या नातवाची होती.
निघाली नाही.
लेक पंधरा दिवस बोलली नाही.
मग एवढंच म्हणाली, डबा तर तुमच्याच हातात होता.
होता.
गाडी सोडायला काय लागतं
ते या टेबलामागे मी चांगलं शिकलो होतो,
म्हणून तर दोन्ही हातांनी धरला.

मागच्या अंगणात वजनकाटा अजून आहे,
ट्रक चढायचा तो, गंजलेला, पण चालू.
परवा तपासणीला दोन साहेब आले,
करार संपत आलाय, म्हणून.
हजेरीचे टक्के, वाचनाचे टक्के, गळतीचे टक्के.
पौर्णिमा मॅडमचा तिसरीचा गणिताचा तास अंगणात होता :
अख्खा वर्ग काट्यावर, आधी दप्तरांसकट, मग दप्तरांवाचून,
वजाबाकी फळ्यावर.
धाकटे साहेब फॉर्म घेऊन तिथंच आले,
म्हणाले, हे काय चाललंय? वजन किती भरलं?
मी काच पुसली, डोळा लावला.
एकतीस जण.
कुणी एका पायावर, कुणी शेजारच्याला ढकलतोय,
गावितांची यमुना टाचा उंचावून आकडा बघतेय.
काटा सातशेच्या आसपास नुसता थरथरत होता.
नाक्यावर असतो तर अशी गाडी मी सोडली नसती.
साहेब म्हणाले, आकडा सांगा, रकाना भरायचाय.
मी म्हटलं, थांबा जरा,
हलतायत अजून.