उजेडाला धरून

बिटकोच्या पुढे, जेलरोडच्या वळणावर
मेथीची जुडी वीस रुपये.
ती मी घेतली, हे भाजीवाल्याचा तो बोलका डबा
अख्ख्या रस्त्याला सांगतो,
'वीस रुपये प्राप्त झाले.'
मागून धामणेवहिनी: 'अगं, पलीकडे पंधराला होती.'

एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये होते, तपासणीला.
नोट उजेडाला धरायची.
शाई कुठे फुटली, आकडा कुठे सरकला,
बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना मागून.
दिवसाला किती नोटा, ते अजूनही सांगत नाही.
कुणी विचारलंही नाही म्हणा.

सुटताना गेटवर रिबेका साळवे झडती घ्यायची.
पदर, जेवणाचा डबा, डब्याखालचा रुमाल,
अंबाड्यातले आकडेसुद्धा.
हात फिरवता फिरवता विचारायची,
'पोराचा ताप उतरला का गं?'
झडती आणि विचारपूस एकाच हाताने.
आपलं म्हणून जे काही होतं
ते जिभेखाली ठेवून मी बाहेर पडायचे.
जीभ तेवढी तपासत नसत.

आता अंगाला कुणी हात लावत नाही.
फोनच विचारतो,
तुम्ही कुठे आहात ते कळू द्यायचं का,
तुमचे फोटो, तुमची माणसं, तुमचा आवाज?
मी 'हो' दाबते.
चष्मा आतल्या खोलीत राहिलेला असतो.

मंगळवारी एक मुलगा बोलला, बँकेतून म्हणे.
'मावशी' म्हणाला. आवाज गोड.
माझं नाव, ह्यांचं नाव,
पेन्शन कुठल्या तारखेला जमा होते, सगळं त्याला पाठ.
त्याला फक्त सहा आकडे हवे होते,
आत्ता आलेले.
चार, म्हटलं.
मग शून्य.
तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली
आणि अंगात कुठेतरी प्रेसचा भोंगा वाजला.
फोन ठेवला.
वरण करपेपर्यंत ओट्याला धरून उभी होते.
हे मुलाला सांगितलेलं नाही.

त्या रात्री झोप नाही, म्हणून वाचत बसले.
वाचनालयातून आणलेलं, कुणा पोस्टमास्तरच्या आठवणींचं पुस्तक.
कव्हर गेलेलं, पहिली सोळा पानं गेलेली,
त्यामुळे त्याचं नाव मला ठाऊक नाही
आणि एका परीने बरंच आहे ते.
तो लिहितो: पाकीट मी कधी फोडलं नाही.
कंदिलाला धरायचो फक्त.
किती कागद आहेत, टाक कुठे दाबला गेलाय, एवढंच दिसायचं.
एकदा त्याला आरपार एकच शब्द वाचता आला,
आणि ते पत्र द्यायला तो स्वतः गेला,
बाई वाचून संपवेपर्यंत
ओटीवर बसून राहिला, पाणी मागून.

शब्द कोणता ते त्याने लिहिलेलं नाही.
त्या ओळीखाली माझ्याआधीच्या कुणीतरी
पेन्सिलीने बारीक लिहिलंय, 'बरोबर केलं.'
खोडायला रबर घेतला होता.
मग पान दिव्याला धरून बघितलं.
अक्षर बाईचं वाटतं.
मागच्या कागदावर तारखा आहेत, सभासद क्रमांक आहेत.
एक क्रमांक ओळखीचा निघाला.
मी पुस्तक मिटलं.
धामणेवहिनी वाचतात, हे मला माहीत नव्हतं.
मला माहीत आहे, हे त्यांना कळणार नाही.

सकाळी पुन्हा जेलरोड, पुन्हा तोच डबा.
तळहाताची आडोशी धरून मी चार आकडे दाबते.
मुलगा म्हणतो, जन्मतारीख नको, लग्नाची नको,
सहज कुणाला सुचेल असं काही नको.
नाहीच सुचणार कुणाला.
एकोणनव्वद साली गेटसमोरच्या पिंपळाखाली
एक निळी स्कूटर उभी असायची,
दुसरी पाळी सुटेपर्यंत.
तिचा नंबर.

स्कूटर कुणाची—

नको. हे एवढंही जास्तच झालं.
उद्या बदलते.