दीर्घ ऊ

मिरजकर तिकटीला सिग्नल लागला
आणि पुढच्या रिक्षाच्या पाठीवर
माझी ओळ.
पिवळ्या रंगात, खाली दोन गुलाब:
‘ज्याचा हात पोळतो, त्यालाच उब कळते.’
नाव नाही. बरं झालं.

ही ओळ मी खोडली होती.
दोनशे चौदाव्या पानावर, निळ्या शाईनं, दोनदा.
पूर्वजा दिवाळीत आली तेव्हा वही उघडी होती.
खोडलेलंही वाचता येत होतं.
मग मागं रंकाळ्यावरचा मावळता सूर्य, पुढं माझी ओळ,
आणि रात्रभर फोनवर आकडे.
आत्या, चार हजार. आत्या, अकरा.

पुण्याच्या प्रकाशकांनी नऊ वर्षांत
पहिल्यांदा आपण होऊन फोन केला.
कादंबरी कुठवर आली, हे विचारलं नाही.
म्हणाले, अशा अजून तीसेक निघतील का?
मी म्हटलं, बघते.
बँकेत कर्जाच्या अर्जाला म्हणते ना, तसं.

का खोडली, ते सांगते.
माझा बाप उद्यमनगरात ओतकामाला,
बावीस वर्षं भट्टीसमोर.
संध्याकाळी आई चहाचा स्टीलचा पेला
पदरात धरून आणायची
आणि तो उघड्या बोटांत घेऊन विचारायचा,
गार कसा गं हा?
ओठ भाजला की मग त्याला कळायचं.

पोळलेल्या हाताला ऊब कळत नाही.
एवढं लिहायला मला तीन उन्हाळे लागले,
आणि लिहून झालं तरी ते पान
अजून बसलेलं नाही.
आधीची ओळ एका बैठकीत आली होती,
गोड होती,
मीही आठवडाभर तिच्यावर खूश होते.

सिग्नल सुटला. मी स्कूटर दामटली,
बिंदू चौकात गाठलं त्यांना.
काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं,
‘त्यातला ऊ दीर्घ पाहिजे हो.’
नजीर मुल्लाणी, खिशावर बिल्ला, हसले.
‘पेंटर बी तेच म्हणत हुता, मॅडम.
पर शेपटी काढली की गुलाब कापाय लागतोय.
ऱ्हाऊ दे. वाचणाऱ्याला कळतंय.’

‘कुणाचं आहे?’
‘काय म्हाईत. पोरीनं मोबाइलवर दावलं.
बायको मेसला भाकरी थापती माझी,
रोजच्या दीडशे.
तिचं हात बघूनच घातलंय.’

आता सांगायला हवं होतं
की ओळ खोटी आहे, आणि खोटी कुणी लिहिली.
मी विचारलं,
‘त्यांना कळते का, ऊब?’

ते गप्प झाले. आरशात बघितलं, माझ्याकडं बघितलं.
मागं बसलेल्या बाईनं घड्याळ दाखवलं.
‘हे काय कधी इचारलं न्हाई बगा,’ म्हणाले,
‘इचारतो की.’
गुलाब गर्दीत शिरले.

घरी येऊन दोनशे चौदावं पान काढलं.
खोडलेलं तसंच ठेवलं.
समासात पेन्सिलीनं लिहिलं:
मुल्लाणी काय म्हणाल्या, ते कळल्यावर पुन्हा.
फोन उलटा घातला होता,
तरी टेबल अधूनमधून थरथरत होतं
आणि माझं अक्षर हलत होतं.