मुळाबरहुकूम

अर्ज इंग्रजीत, तीन पानं, निळा शिक्का.
सिव्हिल लाइन्सला, कोर्टाच्या फाटकाबाहेर
माझं टेबल. त्याचा एक पाय विटेवर.
दुसऱ्या पानावर, खालून चौथ्या ओळीत
तो शब्द बसला होता:
प्रतिवादी पत्नीची डुप्लिसिटी.

कोशात हात घातला.
कपट निघालं. त्याला धार फार.
लबाडी निघाली, पण लबाड तर
आपण पोरालाही लाडानं म्हणतो.
दुतोंडी म्हटलं की मांडूळ आठवतं,
बिचारं मातीत राहतं, कुणाला चावत नाही,
तरी दोन्ही टोकांनी बदनाम.

टायपिस्ट लांजेवार म्हणाला,
"डुप्लिकेटची बहीण असन.
इतवारीत डुप्लिकेट बेअरिंग भेटते,
वरिजनलच्या वर चालते."
खेडीकर वकील पान थुंकून म्हणाले,
एका आरोपात दोन आरोप कोंबले
तर कायद्यात त्यालाही हेच नाव.
त्यात पाप नाही. ड्राफ्टिंगची चूक.
तारीख घ्यायची, दुरुस्त करायचं.

ती बाकड्यावर. मंदाकिनी हेडाऊ, पाचपावलीची.
मांडीवर स्टीलचा डबा, झाकण घट्ट.
"काय लिवलं हाय माह्याबद्दल?"
म्हटलं, दुटप्पी. म्हणजे
इथे एक, तिथे एक.

ती बराच वेळ विटेकडे पाहत राहिली.
"सासरी सांगितलं, माहेरी बरं हाय.
माहेरी सांगितलं, सासरी बरं हाय.
दोन्हीकडचे झोपले ना रात्रीचे?
मंग याले काहून नाही शब्द, इंग्रजीत?"

मी चष्मा पुसला. परत पुसला.

तिला सांगितलं नाही
की मागच्याच्या मागच्या सोमवारी
तिचा नवरा याच बाकड्यावर बसला होता.
मराठीतला कच्चा कागद घेऊन आलेला,
पानाला चाळीस रुपये, इंग्रजी करून पाहिजे.
त्यात एवढंच होतं: बायको खोटं बोलते.
मला ते फार साधं वाटलं.
शब्द मी शोधला.
लिहिल्यावर भारी दिसला, म्हणून ठेवला.

आता लिहिलं: पत्नी खोटं बोलते.
खाली सही. भाषांतर मुळाबरहुकूम.
कोणत्या मुळाच्या,
ते विचारायला रकाना नसतो.

"किती झाले?"
एकशे वीस.
तिनं झाकण काढलं. डब्यात भाकर नव्हती,
दहा-दहाच्या नोटा होत्या, रबर लावलेल्या.
तिनं मोजल्या.
मग मी मोजल्या.